चौथीतल्या मुलीच्या 'पायोनियर दिवसा'साठी कोणती वस्तू न्यावी?

शर्वरी_ओमाहा
नमस्कार. आम्ही गेली सहा वर्षे नेब्रास्कात, ओमाहा शहरात राहतो. इथे चौथीच्या वर्षी मुलांना राज्याचा इतिहास असतो आणि पुढच्या महिन्यात मुलीच्या शाळेत 'पायोनियर दिवस' आहे. पायोनियर म्हणजे एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे जाऊन वसलेले वसाहतकार. प्रत्येक मुलाने त्या काळातील घरगुती वापराची एखादी वस्तू किंवा तिची प्रतिकृती न्यायची आणि वर्गासमोर पाच मिनिटे बोलायचे, असा कार्यक्रम आहे. तिच्या वर्गातील बऱ्याच मुलांच्या तळघरांत पणजीचा कंदील नाहीतर कपडे घासायची पन्हळी पाटी निघते. आमच्या तळघरात दोन मोठ्या बॅगा आणि एक बंद पडलेली ट्रेडमिल एवढेच आहे.

सासूबाई सध्या आमच्याकडे आहेत. त्यांचे सगळे आयुष्य माण तालुक्यात गेले. मुलीने पुस्तकातील धडा त्यांना मराठीत समजावून सांगितला. माळरानावर झाडे नव्हती म्हणून लोक मातीची घरे बांधत, वाळलेले शेण जाळत, घरीच लोणी काढत आणि विहिरीवरून पाणी आणत, हे सगळे ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "यात शिकवायचं काय? ही तर आमच्या घरची गोष्ट." मुलीला ते इतके आवडले आहे की तिला आता वर्गात 'माझी आजी पायोनियर होती' असे सांगायचे आहे. मला ते ऐकायला गोड वाटते, पण कुठेतरी खटकतेही, आणि नेमके काय खटकते ते सांगता येत नाही.

तेव्हा प्रश्न दोन आहेत. वस्तू कोणती न्यावी, आणि ही तुलना करू द्यावी का?

खडीसाखर
पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. फिरकीच्या झाकणाची काचेची बरणी न्या आणि तिच्यात मलई घालून वर्गातच लोणी काढून दाखवा. ती बरणी हाच त्या काळातला शोध आहे. जॉन लँडिस मेसन याने ३० नोव्हेंबर १८५८ रोजी तिचे पेटंट घेतले आणि जुन्या बरण्यांच्या काचेवर ती तारीख उठावात कोरलेली असते. फळे आणि भाज्या हिवाळ्यासाठी हवाबंद करून ठेवणे त्या बरणीमुळे सामान्य घरात शक्य झाले. मुलांना तारीख पाठ करावी लागत नाही, बोटांनी चाचपता येते.

टिंबटिंब
ट्रेडमिलच न्या. मिसुरीतील इंडिपेंडन्सपासून ओरेगॉनपर्यंतचे दोन हजारांहून अधिक मैल बैलगाड्या घेऊन निघालेल्या पायोनियर लोकांनी कसे कापले, ते दाखवायला याहून चांगली वस्तू नाही. बंद आहे हे तर आणखी बरे, कारण त्यांनाही स्वतःच्याच पायांनी चालावे लागले होते.

रानजाई
टिंबटिंब यांनी विनोद केला असला तरी त्यात तथ्य आहे. चित्रांत सगळे कुटुंब गाडीत बसलेले दिसते, पण गाडी सामानाने भरलेली असे, तिला स्प्रिंगा नसत आणि बैलांवरचा भार कमी ठेवणे भाग असे, त्यामुळे धडधाकट माणसे आणि मुलेसुद्धा चार ते सहा महिने बहुतांशी गाडीशेजारून चालत गेली.

मुलगा त्या वयाचा असताना आम्ही दिवाणखान्याच्या जमिनीवर चिकटपट्टीने चार फूट रुंद आणि दहा फूट लांब असा चौकोन आखला. हे त्या गाडीच्या पेटीचे साधारण माप. मग त्याला सांगितले की माणशी ९० किलो पीठ, ६५ किलोंच्या वर खारवलेले डुकराचे मांस, ९ किलो साखर आणि साडेचार किलो कॉफी घ्यायचा सल्ला तेव्हा प्रवाशांना देत असत. घरातील उशांना आणि खोक्यांना आम्ही पिठाची पोती मानले. चौघांचे पीठ रचून झाल्यावर त्याच्या लक्षात आले की खेळण्यांच्या खोक्याला जागा उरत नाही. त्याने अर्धा तास विचार करून आईचे पीठ कमी केले. कोणाचे पीठ कमी करायचे याचा निर्णय नऊ वर्षांच्या मुलाने इतक्या सहज घेतला, यावर आमच्याकडे पुढे बराच वेळ चर्चा झाली.

बापू_इचलकरंजीकर
सूनबाई, सासूबाईंचे म्हणणे बरोबर आहे. रवी पाठवा. अमेरिकेत जो लोण्याचा उभा पिंप दिसतो त्याच्या झाकणाला भोक असते आणि त्यातून एक दांडा खालीवर करायचा असतो. आपल्याकडे डेरा, घुसळखांब आणि रवी असते. रवीला दोरीचे वेढे देऊन एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे ओढले की ती उलटसुलट फिरते. काम तेच, पण एकाने दंड दुखतात आणि दुसऱ्याने खांदे. मुलांना दोन्ही करून बघू द्या आणि कोणती रीत बरी ते त्यांनाच ठरवू द्या.

राहता राहिले इंधन. ते लोक बायसनचे वाळलेले शेण वेचून जाळत. आमच्याकडे शेणी थापतात, त्यामुळे 'यात किळस कसली' हे आजींनी वर्गात येऊन सांगितले तर उत्तम.

मुक्ता_परभणी
बापू, शेणी नाही, गोवरी.

बापू_इचलकरंजीकर
थापलेली ती शेणी. वेचलेले ते शेणकूट. गोवरी तुमच्याकडे.

अनुस्वार
या वादात शिरत नाही. पण बापूंनी नकळत मुद्द्याची गोष्ट सांगितली आहे. माळरानावरच्या बाया थापत नव्हत्या, वेचत होत्या. पुढे बायसनच उरले नाहीत तेव्हा वेचायलाही काही राहिले नाही आणि लोक गुरांचे शेण, मक्याची कणसे, पिळून जुड्या केलेले गवत असे मिळेल ते जाळू लागले.

दिव्यांवरून एक आठवले. १८५९ साली पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे एडविन ड्रेकच्या विहिरीला तेल लागले आणि त्यानंतर दिव्यात जाळायचे खनिज तेल झपाट्याने स्वस्त झाले. या तेलाला इंग्रजीत 'रॉक ऑइल' असेही म्हणत. आपला 'रॉकेल' हा शब्द तिथूनच आला आहे. आजींनी ज्या चिमणीच्या उजेडात अभ्यास केला असेल, तिच्या तेलाच्या नावातच पेनसिल्व्हेनियाचा धागा आहे, हे मुलीला नक्की सांगा.

निमकर_मास्तर
मी विस्कॉन्सिनमध्ये तेरा वर्षे शाळेत इतिहास शिकवला आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. शर्वरीताई, तुम्हाला जे खटकते आहे ते योग्य कारणाने खटकते आहे, असे मला वाटते. वस्तू सारख्या असल्या म्हणजे परिस्थिती सारखी होत नाही.

तुमच्या सासूबाईंचे घर मातीचे असेल, पण ते गावात होते. नांगराचा फाळ मोडला तर लोहार होता, डेरा फुटला तर कुंभार होता आणि बाळंतपणाला शेजारीण होती. नेब्रास्कातील वसाहतकाराला अर्ध्या मैलावर शेजारी मिळाला तरी पुष्कळ. दुसऱ्या बाजूने, तो सगळे काही स्वतः बनवत होता हीसुद्धा दंतकथाच आहे. कापड, दिव्याची काच, लोखंडी चूल, खिळे हे सगळे कारखान्यातून येत होते. १८६९ मध्ये आगगाडी देशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचली आणि १८७२ पासून टपालाने माल मागवण्याच्या याद्या निघू लागल्या. एकाकी झोपडीत कारखान्यात घडलेले शिवणयंत्र असणे, यात त्या काळाचे खरे वैशिष्ट्य आहे.

दुसरा मुद्दा जमिनीचा. अब्राहम लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी होमस्टेड कायद्यावर सही केली. पाच वर्षे राहून जमीन कसली तर १६० एकर जवळपास फुकट मिळत असे; एकट्या स्त्रीलाही अर्ज करता येई आणि ते त्या काळात मोठेच होते. पण ही जमीन मोकळी नव्हती. तुम्ही ज्या शहरात राहता त्याचे नावच ओमाहा या मूळनिवासी लोकांचे आहे आणि नेब्रास्का हा शब्द ओटो भाषेतील 'सपाट पाणी' या अर्थाच्या नावावरून आला आहे. ओटो लोकांना पुढे आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. आजी स्वतःच्या गावात राहत होत्या. पायोनियर दुसऱ्याच्या गावात आले होते.

आणि आपल्यासाठी आणखी एक गोष्ट. अर्जदार नागरिक असावा किंवा त्याने नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेला असावा, अशी अट होती. नागरिकत्व मिळण्याचा हक्क १७९० च्या कायद्याने फक्त गोऱ्यांना होता आणि १८७० मध्ये तो आफ्रिकी वंशाच्या लोकांना मिळाला. भारतीयांना तो १९४६ मध्ये मिळाला. म्हणजे आजींची पणजी बोटीने येथे आली असती, तरी शेणी थापण्याच्या अनुभवावर तिला एक एकरही मिळाला नसता.

रानजाई
मास्तर, माहिती पटते, पण मूल नऊ वर्षांचे आहे आणि वेळ पाच मिनिटे आहे. लोण्याची बरणी हातात धरून उभ्या असलेल्या मुलीने एका राष्ट्राच्या अपराधाची कबुली द्यावी, ही अपेक्षा मला जड वाटते. ती वर्गात एकटीच वेगळी दिसणारी असेल तर आणखी जड.

निमकर_मास्तर
कबुली नको आहे. 'इथे आधी कोण राहत होते?' एवढा एक प्रश्न तिने विचारावा. माझ्या अनुभवात नऊ वर्षांच्या मुलांना तो प्रश्न मुळीच जड वाटत नाही. तो पालकांना जड वाटतो.

वाटसरू
ओमाहापासून दोन तासांच्या आत बीट्रिस गाव आहे. तिथे होमस्टेड कायद्याच्या स्मरणार्थ राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे, कारण १ जानेवारी १८६३ रोजी कायदा लागू झाला त्याच दिवशी अर्ज करणाऱ्या डॅनियल फ्रीमनची जमीन ती. मुलीला तिथे जरूर न्या. संग्रहालयातील वस्तूंपेक्षा बाहेरचे उंच गवत अधिक शिकवते. आमचा मुलगा त्यात शिरला आणि दिसेनासा झाला, तेव्हा मुले माळावर हरवत म्हणजे काय ते आम्हाला पुस्तकाशिवाय कळले.

मास्तरांच्या मुद्द्याला एक गोष्ट जोडतो, कारण तीही तुमच्याच शहरात घडली. पोंका या मूळनिवासी लोकांना १८७७ साली नेब्रास्कातून हलवले होते. त्यांचा प्रमुख स्टँडिंग बेअर याचा मुलगा परमुलखात वारला. जन्मभूमीत पुरण्याचे वचन त्याला दिलेले असल्याने बाप त्याच्या अस्थी घेऊन ऐन हिवाळ्यात परत निघाला आणि त्याला अटक झाली. १८७९ साली ओमाहाच्या न्यायालयाने निकाल दिला की कायद्याच्या दृष्टीने 'इंडियन' म्हणजे मूळनिवासी हासुद्धा 'व्यक्ती' आहे, आणि त्याची सुटका झाली. मुलाच्या अस्थी घेऊन निघालेला बाप नऊ वर्षांच्या मुलांना समजतो.

मुक्ता_परभणी
मला शोधांविषयी बोलायचे आहे, कारण 'यंत्र आले आणि बाईचे कष्ट संपले' हे वाक्य मुलांच्या पुस्तकांत फार सहज येते. एलायस हाउ याने १८४६ मध्ये शिवणयंत्राचे पेटंट घेतले, सिंगरचे यंत्र १८५१ मध्ये आले आणि काही वर्षांत ते हप्त्यांवर मिळू लागले. हाताने पुरुषाचा सदरा शिवायला चौदा तासांहून अधिक लागत, तो यंत्रावर सव्वा तासात होई, असा हिशेब तेव्हा सांगितला जात असे. मग उरलेले तेरा तास कुठे गेले? घरात सदरे वाढले. सदरे वाढले तशी धुणी वाढली, आणि धुण्याचे पाणी तर विहिरीवरूनच आणायचे होते.

लोखंडी चुलीचेही तसेच. उघड्या शेकोटीपेक्षा तिला लाकूड कमी लागते, म्हणजे पुरुषाची लाकूडतोड कमी झाली. बाईला मात्र एका वेळी चार पदार्थ शिजवता येऊ लागले, म्हणजे चार पदार्थ शिजवावे लागले. आमच्याकडे मिक्सर आल्यावर रोज ताजी चटणी हवी असे कोणाला वाटू लागले, ते नाव घेऊन सांगत नाही, कारण ते हा धागा वाचतात.

मुलांना दाखवायचेच असेल तर दोन बादल्यांत पाच-पाच लिटर पाणी भरा आणि मैदानाला एक फेरी मारायला सांगा. ते दहा किलो होते. मग विचारा की एका सोमवारच्या धुण्याला अशा किती फेऱ्या लागतील.

टिंबटिंब
मुक्ताताई, मी चटणी खात नाही, हे नोंदवून ठेवतो. भांडी घासायचे यंत्र तरी बाईनेच काढले ना?

मुक्ता_परभणी
हो. इलिनॉयमधील जोसेफिन कॉक्रेन हिने १८८६ साली त्याचे पेटंट घेतले. तिच्या घरी भांडी नोकर घासत असत आणि त्यांच्या हातून चिनी मातीच्या बशांचे टवके उडत, म्हणून तिला यंत्र हवे होते. ते आधी घेतले हॉटेलांनी. घरांत पोचायला आणखी अर्धे शतक गेले.

खडीसाखर
शोधांचेच चालले आहे म्हणून सांगते. मे महिन्यात वाड्यात भाड्याने आणलेला आइस्क्रीमचा पॉट, त्याभोवती बर्फ आणि खडेमीठ, आणि हँडल फिरवायला रांगेत उभी असलेली मुले आठवतात का? हाताने फिरवायच्या त्या यंत्राचे पेटंट फिलाडेल्फियाच्या नॅन्सी जॉन्सन हिने १८४३ मध्ये घेतले. मिठामुळे बर्फ शून्याच्या खाली जाऊन वितळतो आणि आतले दूध गोठते. बर्फसुद्धा तिकडूनच येत असे. १८३३ साली बोस्टनहून १८० टन बर्फ जहाजाने कलकत्त्याला निघाला आणि चार महिन्यांनी सुमारे १०० टन शिल्लक पोचला. पुढे मुंबईतही असा बर्फ उतरू लागला.

शर्वरी_ओमाहा
सर्वांचे आभार. आइस्क्रीमचा मोह टाळून लोण्याकडे परत येते, कारण काल ते फसले. दुकानातील दाट मलई बरणीत काठोकाठ भरली, फ्रिजमधून काढल्या काढल्या मुलीने आणि मी आळीपाळीने वीस मिनिटे हलवली, आणि शेवटी आतून आवाजच येईनासा झाला. उघडून पाहिले तर केकवर लावतात तशी फेटलेली मलई काचेला चिकटून बसली होती. सासूबाईंनी बोट बुडवून चाटले आणि "लग्नातलं आहे" एवढेच म्हणाल्या.

बापू_इचलकरंजीकर
आवाज बंद झाला तिथेच तुम्ही थांबलात, हीच चूक झाली. बरणी एक तृतीयांशच भरा म्हणजे मलईला आपटायला जागा राहील. आधी तासभर बाहेर ठेवा. फार गार असेल तर कण एकमेकांना धरत नाहीत आणि फार कोमट असेल तर सगळे तेलकट होते; हाताला गार लागेल पण थंड लागणार नाही, इतपत हवी. आमची आई उन्हाळ्यात पहाटेच घुसळायची ती यासाठीच. फेटलेल्या मलईच्या पुढे गेलात की अचानक 'धप्' असा आवाज येतो आणि पाणी सुटते. मग लोणी गार पाण्यात दोनदा धुवा.

रानजाई
ओरेगॉनच्या वाटेवर लोक सकाळी मलईचे भांडे गाडीला टांगून ठेवत आणि दिवसभराच्या हिसक्यांनी संध्याकाळपर्यंत लोणी येत असे. शाळेच्या रस्त्यावर खड्डे असतील तर बरणी बसमध्येच द्या.

शर्वरी_ओमाहा
काल कार्यक्रम झाला. उशीर झाला, पण लिहिते.

आदल्या रविवारी बीट्रिसला जाऊन आलो. तिथे ढेकळांच्या घराची माहिती वाचताना मी सासूबाईंना समजावून सांगितले की नांगराने जमिनीचे मुळांसकट पट्टे काढून त्यांच्या विटा रचत, पावसात छत गळे आणि माती जेवणात पडू नये म्हणून आतून कापड ताणून बांधत. त्या बराच वेळ तिथे उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "धाब्यावर पांढरी माती नव्हती का टाकत? त्यांना कुणी सांगितलं नाही वाटतं." मास्तर, तुमचे लोहार-कुंभाराचे म्हणणे मला त्या क्षणी कळले. माणमध्ये ते सांगणारी पिढ्यान्‌पिढ्यांची माणसे होती. इथे ज्यांना हा माळ माहीत होता त्यांना आधीच हलवले होते.

मुलीने बरणी नेली आणि भारतीय दुकानात मिळालेली छोटी लाकडी रवीही नेली. 'माझी आजी पायोनियर होती' हे वाक्य तिने स्वतःच बदलले. ती म्हणाली, "माझी आजी पायोनियर नव्हती, कारण ती तिच्याच गावात राहायची. पण ती हे सगळे करायची." त्यानंतर तिने ओमाहा हे नाव कोणाचे ते सांगितले. बाईंनी फळ्यावर ते लिहिले. मुलांना मात्र मुख्यतः शेणाविषयीच प्रश्न होते आणि त्यांची उत्तरे देताना तिने बापूंचे आणि मुक्ताताईंचे दोन्ही शब्द वापरले, म्हणजे कोणी रागवायला नको.

बरणी सगळ्या वर्गात फिरली. सतराव्या की अठराव्या मुलाच्या हातात 'धप्' झाले.

उरलेले पांढरे पाणी तिने जपून घरी आणले. सासूबाईंनी घोटभर घेतले आणि हे ताक नव्हे असा निकाल दिला, कारण मलईला विरजणच लावलेले नव्हते. आता त्यांना येत्या शनिवारी रीतसर विरजण लावून पुन्हा करायचे आहे. बापू, एक लिटर मलईला दही किती घालायचे? इथे घरात रात्री तापमान २० अंशांच्या आसपास असते.

बापू_इचलकरंजीकर
दोन चमचे, नीट मिसळून. पण २० अंशांत एका रात्रीत लागणार नाही. भांडे पंच्यात गुंडाळून ओव्हनमध्ये, फक्त आतला दिवा लावून ठेवा. आणि मला विचारता कशाला, सासूबाई घरातच आहेत ना?